वरची नको, मधली द्या

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत माझ्या घरच्या ओट्यावर मेथी निवडत बसले होते. "आत्या, बाबा गेले... सकाळी, झोपेतच," प्रशांत म्हणाला. प्रशांत म्हणजे दादाचा मुलगा, माझा भाचा. मेथी तशीच टाकली आणि अकोल्याची बस धरली. बडनेरा मागं पडलं तरी रडू येईना. मूर्तिजापूरच्या आसपास एकदम बांध फुटला. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढं केली, कोण गेलं ते विचारलं, आणि मी "मोठा भाऊ" म्हटल्यावर जरा सरकून जवळ आली. हळूच म्हणाली, "आपल्या मनानं का वं?" मी तिची बाटली तिला परत केली. पण तिला एकटीला काय बोलायचं? गेली कित्येक वर्षं आमच्या वऱ्हाडात पेपर उघडला की शेतकऱ्यांच्या आत्महत्याच, आणि कोणाच्या घरून रडणं ऐकू आलं की कधी गेले याच्या आधी कसे गेले हेच लोक विचारतात. दादाच्या घरी तेरा दिवस हेच चाललं. माणसं सतरंजीवर बसत, चहा घेत, आणि त्यांचे डोळे दादाच्या खोलीतल्या, गोळ्या ठेवलेल्या कोनाड्याकडे वळत. "डोक्याच्या गोळ्या चालू होत्या म्हणतात..." डॉक्टर येऊन सांगून गेले होते, हृदय बंद पडलं. पण ऐकतो कोण! म्हणून लिहायला बसले आहे. दादाच्या गोळीची गोष्ट मला पूर्ण ठाऊक आहे आणि ती कोणी अर्धवट सांगितलेली मला खपत नाही.

गंमत अशी की दादा स्वतः त्या सतरंजीवर बसला असता तर त्यानंही विश्वास ठेवला नसता. संशय हाच त्याचा धंदा होता. सरकारी कापूस खरेदीवर तो ग्रेडर होता. तिवसा, दर्यापूर, मूर्तिजापूर, जिथं बदली होईल तिथं. कापसाची गाडी केंद्रावर लागली की तो वरच्या कापसाकडे बघायचासुद्धा नाही. बाही कोपराच्या वर सारायचा, हात खोल खुपसायचा आणि मधला पुंजका ओढून काढायचा. धागा बोटांत ताणून बघायचा, नाकाला लावायचा, आत कोणी पाणी शिंपडलंय का ते चाचपायचा, आणि मग प्रत ठरवायचा. "वरचा कापूस सगळ्यायचाच चांगला असते," म्हणायचा. घरीही तेच. भाजीवाल्याच्या टोपलीतली वरची वांगी त्यानं जन्मात घेतली नाहीत. माझ्यासाठी स्थळ पाहायला गेला तर माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना बैठकीत सोडून गोठ्यात त्यांच्या गड्याशी बोलत बसला. मला त्या स्वभावाचा राग यायचा. आणि माझ्यातही तो पुरेपूर उतरलाय, हे माझ्या सुना सांगतील.

तो निवृत्त झाला, वहिनी गेली, मग त्याला हलका लकवा झाला. त्यातून सावरला, पण उजवा हात थरथरायचा राहिला आणि गिळताना ठसका लागायला लागला. खरं दुखणं मात्र वेगळंच होतं. रोज सकाळी पेपर घेऊन तो गेलेल्या शेतकऱ्यांची नावं आणि गावं बोट ठेवून ठेवून वाचायचा. एकदा मी विचारलं, काय शोधून राहिला दादा? म्हणाला, "याची गाडी मी खालच्या ग्रेडात टाकली होती का, ते आठवून पाहून राहिलो." अरे बाप्पा! मी म्हटलं, ओल्या कापसाला ओला म्हटलंस, त्यात तुझा काय गुन्हा? त्यानं पुढच्या नावावर बोट ठेवलं. पुढं पुढं तो भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. अंघोळ नको, जेवण नको, कोणाशी बोलणं नको. अकोल्यात मनाच्या डॉक्टरची पायरी चढताना कोणी पाहिलं तर चर्चा होईल, म्हणून प्रशांतनं त्याला अमरावतीला माझ्याकडे आणलं. इथल्या डॉक्टरांनी हा उदासीचा आजार आहे म्हणून सांगितलं आणि रोज सकाळी एक गोळी लिहून दिली.

ती गोळी काही त्याच्या घशाखाली उतरेना. अडकायची, ठसका लागायचा, डोळे पाण्यानं भरायचे आणि शेवटी गोळी तळहातावर परत. सुनंदानं, त्याच्या सुनेनं, हे बरेच दिवस पाहिलं आणि तिच्या परीनं मार्ग काढला. गोळी बत्त्यानं कुटली, शिऱ्यात कालवली. बोलली नाही, कारण सांगितलं असतं तर त्यानं तो शिरा खाल्लाच नसता. पण समोर माणूस कोण होता! त्यानं शिरा चिमटीत घेतला, चोळला, जिभेच्या टोकाला लावला आणि ताटली खाली ठेवली. त्या दिवसापासून घरात शिजलेलं अन्न बंद. ज्याला साल आहे तेच खायचं. केळी खायचा, संत्री चोखायचा. प्रशांतनं शेंदूरजनाघाटची चांगली संत्री आणली तर प्रत्येक फळ फिरवून फिरवून पाहायचा, कुठं टोचलेलं तर नाही. पाणीही नळाखाली स्वतः भांडं धरून घ्यायचा. मग मला फोन. मला सगळं घर बेबी म्हणायचं, दादा मात्र बेबे. "बेबे, हे लोकं मले जेवणात काही घालून राहिले..."

दुसऱ्या दिवशी अकोल्याला पोहोचले. दादाची गालफडं बसली होती, सदरा खुंटीवर अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. हे असंच चाललं तर हा माणूस संत्र्यांवर किती दिवस जगणार, एवढंच माझ्या डोक्यात. सुनंदाला स्वयंपाकघरात गाठलं आणि सरळ विचारलं, "काय घातलं वं त्याच्या जेवणात?" तिनं डब्यामागून गोळ्यांची स्ट्रिप काढून माझ्या हातात दिली. "हे घातलं, आत्याबाई. गिळताच येत नाई त्याइले, मंग मी काय करू? दुसऱ्या कोणाच्या सुनेनं एवढंही केलं नसतं." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. रडणाऱ्यावर लगेच भरवसा ठेवायची आमच्या घरची रीत नाही. मी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, नाव अक्षरानं अक्षर ताडून पाहिलं. तीच गोळी होती. मग दादाला आणि तिला, दोघांनाही घेऊन मी अमरावतीचा रस्ता धरला.

डॉक्टर आधी रागावले. विचारल्याशिवाय गोळी कुटायची नाही, काही गोळ्यांचं काम त्यानं बिघडतं; आणि माणसाला लपवून तर मुळीच द्यायचं नाही. मग त्यांनी दादाला चमच्यानं पाणी पाजून त्याचं गिळणं तपासलं आणि म्हणाले, याच औषधाची जिभेवर विरघळणारी गोळी मिळते. आता माझी पाळी होती. मी म्हटलं, मग ही आधी काहून नाई देली? ही जास्त कडक आहे का? तुमच्याच ओळखीच्या दुकानात मिळते का? डॉक्टर मला ओळखून चुकले असावेत, कारण त्यांनी एकेक गोष्ट नीट सांगितली. औषध तेच, ताकद तेवढीच. गिळायला त्रास आहे हे त्यांना कोणी बोललंच नव्हतं. जिभेवर ठेवायची, थुंकीत विरघळते, थुंकीबरोबर पोटात जाते. पाणी लागत नाही. लवकर विरघळते म्हणून गुण लवकर येईल असं समजायचं नाही, काही आठवडे लागणारच, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही. दादा इतका वेळ खाली पाहत होता. डॉक्टर त्याला म्हणाले, "बाबा, सुनेनं चूक केली, पण विष नाही घातलं." दादा म्हणाला, "ते तुमी म्हणता." सुनंदा शेजारीच बसली होती. तिनं मान फिरवली.

गोळी मिळवणं ही आणखी एक कटकट. अमरावतीत एका दुकानदारानं "तेच आहे, आजी" म्हणून साधीच गोळी पुढं केली. मी चष्मा लावून वाचलं आणि तिथंच त्याची बिनपाण्यानं केली. दुसऱ्याकडे नव्हती, तिसरा म्हणाला नागपूरहून मागवावी लागेल, कधी येईल सांगता येत नाही. शेवटी अकोल्यात दादाच्याच गल्लीच्या तोंडाशी शकीलभाईंचं औषधाचं दुकान आहे, त्यांनी चिठ्ठी पाहून डबा मागवला. डबा आला त्या दिवशी दादा म्हणाला, मी येतो. काठी टेकत गेला. शकीलभाईंनी वरची स्ट्रिप काढली तर हा म्हणतो, "वरची नको, मधली द्या." शकीलभाई हसले. "चाचा, गोळ्या आहेत, कापूस नाई!" तरी त्यांनी अख्खा डबाच त्याच्यासमोर सरकवला. दादानं थरथरती बोटं आत घातली, मधून एक ओढली, उजेडात धरली, तारीख वाचायला मला लावली. कितीतरी महिन्यांनी त्याला असं काम करताना पाहिलं. मला इतकं बरं वाटलं की मी शकीलभाईंकडून उरलेले पैसे परत घ्यायलाही विसरले.

पण घरी येऊन पाहतो तर नवीनच अडचण. ती गोळी फार नाजूक. दाबून बाहेर काढायची नसते, मागचा पापुद्रा सोलून उचलायची, तीही अगदी कोरड्या हातानं. दादाचा हात थरथरणारा आणि सतत घामेजलेला. एक बोटांतच विरली, दुसरीचा चुरा झाला. "ही तं हातातच मेली," म्हणाला. मग मी द्यायला लागले. मी दिलेली घ्यायचा. पण मी अकोल्यात किती दिवस राहणार? माझंही घर होतं, म्हातारा नवरा होता. निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला स्पष्ट सांगितलं, "दादा, उद्यापासून सुनंदा देईल. नसंल घ्यायची तं मी इथं आता तुले मेलेला पाहायलेच येईन, हे ध्यानात ठेव." तो भिंतीकडे वळला. सकाळी सुनंदा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं आधी पदराला हात पुसले, खसाखसा, आणि दोन्ही हात उलटसुलट करून त्याला दाखवले. मग स्ट्रिप त्याच्या पुढ्यात धरली. "कोणती देऊ, मामाजी? तुमीच सांगा." बराच वेळ तो तिच्या हातांकडे पाहत राहिला... मग मधल्या गोळीवर बोट ठेवलं आणि तोंड उघडलं. मी दारामागे उभी राहून रडले. बस चुकली तेव्हा कुठं भानावर आले.

त्यानंतर फोनवर कळत राहायचं. आज चहा घेतला. आज केळं सोडून मऊ भात खाल्ला, पण सुनंदानं आधी एक घास खाऊन दाखवल्यावर. महिना उलटून गेल्यावर एक दिवस सुनंदाच फोनवर हसत होती. "आत्याबाई, मामाजी म्हणाले वरणात मीठ नाई. शिव्या देल्या मले!" मी फोन ठेवला आणि देवाला साखर ठेवली. दिवाळीला गेले तेव्हा दादा अंगणात बसून शकीलभाईंशी कपाशीच्या भावावर वाद घालत होता. पेपर वाचायचा अजूनही, नावंही वाचायचा, पण वाचून घडी घालून ठेवायचा. आणि दुसऱ्या सकाळी मी जे पाहिलं ते मला कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. सुनंदा गोळी घेऊन आली, "मामाजी, जीभ," म्हणाली. त्यानं स्ट्रिप पाहिली नाही, तिचे हात पाहिले नाहीत. डोळे मिटले आणि लेकरासारखी जीभ बाहेर काढली. ज्या माणसानं देवळातला तीर्थाचा थेंबही कधी वास घेतल्याशिवाय तोंडात घातला नाही, तो माझा भाऊ!

पुढं तो बरीच वर्षं जगला आणि नीट जगला. डॉक्टरांनी हळूहळू औषध कमी केलं, बंद करून पाहिलं, पुन्हा भिंत दिसायला लागली तसं परत सुरू केलं. त्याची लाज वाटावी असं त्यात काही नव्हतं. ज्याला कोनाड्याकडे पाहायचंय त्यानं खुशाल पाहावं, स्ट्रिप अजून तिथंच आहे. गेला त्या सकाळीही सुनंदा ठरल्या वेळेला त्याच्याकडे गेली होती. "मामाजी, जीभ," म्हणाली. त्यानं ऐकलं नाही म्हणून पुन्हा म्हणाली.

परवा दादाच्या मासिक श्राद्धासाठी अकोल्याला गेले होते. सकाळी चहा घेत बसले होते, सुनंदा भांडी घासत होती. मध्येच उठली, हात धुतले, पदरानं एकेक बोट पुसलं आणि दादाच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन थांबली. रोज असंच होतं म्हणे. "हात कोरडे होतात, आत्याबाई, अन् मंग ध्यानात येते." मी तिला जवळ बोलावलं. तिचा हात हातात घेतला आणि आमच्या घरच्या सवयीनं उलटसुलट करून पाहिला. ठणठणीत कोरडा होता.