शांताचा आवाज

दादा, मी मंद्रूप सोडलं त्या दिशी आई यष्टीच्या खिडकीखाली उभी ऱ्हाऊन कायतरी वरडत व्हती. तू तिच्या शेजारीच व्हतास. गाडी घरघरत व्हती, माझ्या मांडीवर कडक भाकरीचं गठुडं. मला शब्द कळला न्हाय. मी आपला शाण्यासारखी मान हलवत ऱ्हायलो. लोक दुबईला जातात आन रडत न्हाईत, मी सोलापूर येईस्तवर रडलो. शेजारच्या बाईनं इचारलं, कोण वारलं?

ल्हानपणी आई बांधावरनं हाक मारायची, तवा मी चिंचंखाली बहिऱ्याचं सोंग घिऊन पडायचो. ती म्हणायची, "घी सोंग लेका, एक दिस खराच बहिरा हुशील." आईचं बोलणं कदी खोटं पडलंय? इतकी वरसं चादरीच्या कारखान्यात मागाच्या खडखडाटात उभा ऱ्हायलो, कान गेलं. कुणाला सांगितलं न्हाय. समोरचा हसला की हसायचं, गप झाला की "व्हय की" म्हणायचं. एकदा मयतीत हसलो.

परवा मात्र सापडलो. मागाचा आवाज बदलला की कायतरी बिघडलंय, हे कारागिराला कानानंच कळतं. मला कळलं न्हाय. चादरीवर मोर व्हते, मी आठ मोर बिनमुंडक्याचे इणले. मालक आले, त्वांड हलवाय लागले. मला वाटलं, खूश हायत. म्हणलं, "तुमची किरपा, मालक." सगळा कारखाना हसला. मग ते कानाशी आले आन म्हणले, "उद्यापस्नं माग सोड. घड्या घालाय बस."

घरी निघालो. तू कवापस्नं म्हणतोस, परत ये, रानात दोघं राबू. वाटंतच ठरवलं, आता जायचं. सोलापूरनं कान बी घेतलं, ऱ्हायलंय काय हितं?

तुला ठावं हाय, गावाकडं आलो की मी शांताचं गाऱ्हाणं सांगायचो. शुक्रवार पेठेत ऱ्हाऊन बायको भांडकुदळ झाली, साधं पाणी द्यायचं तरी वरडती. पोरगी रेणू बी तिच्यावरच गेलीया म्हणायचो.

परवा कामावरनं आलो, दारात चप्पल काढली आन तसाच थांबलो. शांता भाकरी थापत व्हती, रेणू शेंगा सोलत व्हती. दोघींची तोंडं हलत व्हती, हसणं चाललं व्हतं, आन मला एक अक्षर ऐकू येत न्हाय. साध्या बोलत व्हत्या, माणसं घरात बोलतात तशा. मग शांताची नजर वर आली. तिनं आदी खाकरून घसा मोकळा केला. मग वरडली, "आलासा व्हय? हात धुवा."

मी उंबऱ्यातच बसलो. ही रोज निजताना हळदीचं दूध पिती, मी म्हणायचो, काय थाट हाय राणीसायबांचा.

म्हणलं, "तू माज्यासाठी वरडतीस व्हय गं?"

"मग काय गल्लीसाठी?"

"आदी का न्हाय सांगितलं?"

"सांगतच व्हते की. तुमाला ऐकू कुटं येतं?"

लई दमलो व्हतो, दादा. भाकरी आन शेंगाची चटणी, रोजचंच. दोघींनी वरडून वरडून मोरांचं सगळं काढून घेतलं. हसल्या बी. शेजारीण भांडण सोडवाय आली, तिला बी ताट वाढलं.

तर मी काय येत न्हाय. घड्या घालतो. तुझं रान मोठं, आन तुझा घसा आदीच बारीक. हे रेणू लिहून घेतीया. म्हणती, "आप्पा, हळू सांगा, आख्खी गल्ली लिहून घ्याय लागलीया."

तुला याद नसंल तर आईला इचार, त्या दिशी यष्टीच्या खिडकीखाली काय म्हणली. मी खोटीच मान हलवली व्हती, ते बी सांग.

आन आता जेवायच्या येळी मी गॅसकडं त्वांड करून बसतो. शांतानं वाढाय ताट घेतलं की आपला उठतो. तेवढीच तिची एक हाक वाचती.