उरलेला युरोप

आम्ही नवरा-बायको युरोप बघायला गेलो होतो. त्यातला निम्मा युरोप आम्ही धुळ्यात पाहिला.

दोष द्यायचाच तर आमच्या गावच्या, जळगावजवळच्या असोद्याच्या चौकातल्या फ्लेक्सला द्यावा लागेल. तो लावला नानांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी. आमच्या वाटणीची केळीसुद्धा तेच सांभाळायचे, आणि घरातल्या कुणीतरी बर्फ बघून यावं हा हट्टही त्यांचाच. फ्लेक्सवर आम्ही दोघं गॉगल लावून उभे, मागे पांढरेशुभ्र डोंगर, खाली 'परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा'. (गॉगल आमचे नव्हते. फ्लेक्सवाल्याने कॉम्प्युटरवर चढवले होते.) रोज सकाळी एक फोटो पाठवायचा, एवढंच नानांचं मागणं होतं.

पहिले काही दिवस बरे गेले. मग रोज उठून बॅग भरा, बसमध्ये बसा, उतरा, चर्च बघा, पुन्हा बसा. सगळी चर्चं मला एकच वाटायला लागली. हे तर बसमधून उतरेनातच. "इमारतच आहे ना? इथून दिसते," म्हणायचे आणि डोळे मिटायचे. आमच्यातलं बोलणं बंद पडलं. एका सकाळी बॅगेची चेन लागेना, तर मी हॉटेलच्या गालिच्यावर बसून ढसाढसा रडले. खिडकीबाहेर आल्प्स होते आणि मला त्यांचा संताप येत होता. नानांनी इतक्या हौसेने पाठवलं आणि आपल्याला काहीच बघवत नाही, याची लाज वेगळीच. शेवटी हे म्हणाले, "घरी जाऊ."

तब्येतीचं कारण सांगून तिकिटं बदलून घेतली. पण घरी जाणार कसं? चौकात फ्लेक्स! म्हणून मुंबईला उतरलो ते थेट धुळ्याला, ह्यांच्या बहिणीकडे. दौरा संपेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, अशी अक्काला शपथ घातली. अक्काने कपाळावर हात मारला आणि वरची खोली उघडून दिली.

त्या खोलीत आम्ही मेल्यासारखे झोपलो. उठलो की ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा, की पुन्हा झोप. सकाळी हे मोबाइलमधला एखादा जुना बर्फ शोधून नानांना पाठवायचे. एकदा नानांचाच फोन आला. नेमकी तेव्हा अक्काच्या कुकरने शिट्टी दिली. हे म्हणाले, डोंगरातली रेल्वे आहे. नानांच्या बाजूनेही चाकांचा खडखडाट येत होता. ते म्हणाले, मळ्यात आहे, केळीची ट्रॉली भरतोय.

ती ट्रॉली दवाखान्यातली होती, हे आम्हाला नंतर कळलं. नानांचं हृदय पार थकलं होतं. जळगावच्या डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा त्यांच्या मुलाने, प्रमोदने, त्यांना धुळ्याला आणलं होतं. त्या दोघांची फिरस्ती खराब नको, त्यांना कळवायचं नाही, अशी नानांनी अक्काला शपथ घातलेली होती. म्हणजे आमच्या आधीची! दोन शपथांच्या मध्ये अक्का रोज एकाच तव्यावर दोन्ही भावांच्या भाकरी थापत होती. प्रमोद तिच्याकडे अंघोळीला यायचा तेव्हा आम्ही वर श्वास रोखून बसायचो. तो धुळ्यात कशाला आलाय, हे विचारलं तर अक्का म्हणायची, काम आहे.

एका दुपारी मात्र तिने डबा ह्यांच्या हातात दिला. इतकी वर्षं धुळ्यात काढून अहिराणी तिच्या तोंडात पक्की बसली आहे. दवाखान्याचं नाव सांगून म्हणाली, "हाऊ डबा लई जा. आते बठ्ठं तूच दख." म्हणजे, हा डबा घेऊन जा, आता सगळं तूच बघ.

आम्ही दोघं गेलो. पलंगावर नाना होते, निम्मे राहिलेले. नर्सला मोबाइल दाखवत होते. त्यात आमचा त्या दिवशी सकाळी पाठवलेला बर्फ होता. दारात हे उभे, हातात डबा. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

नानांनी मोबाइलकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे, मग डब्याकडे. "माह्यापायी फिरणं टाकून आला का रे?"

हे म्हणाले, "हो, नाना."

"सकायी तर बर्फात होता." नानांनी बोटाने वर आभाळाकडे दाखवलं. "इमान लई जोरात येतं म्हना."

त्या डब्यातला घास ह्यांनी त्यांना भरवला आणि मग हे बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून रडले. चार दिवसांनी नाना गेले. आम्ही त्यांच्यासाठीच आलो असं त्यांना खरंच वाटलं, की नर्ससमोर त्यांनी आमची अब्रू राखली, हे मला अजून कळलेलं नाही. असोद्यात मात्र जो तो भेटायला येऊन म्हणत होता, भाऊ असावा तर असा, परदेशातून धावत आला. आम्ही माना खाली घालून बसलो होतो. लोकांना ते दुःख वाटलं.

तेराव्याला प्रमोदने सगळ्यांदेखत सांगितलं, "काका, नानांची शेवटची इच्छा आहे. त्यांच्यामुळे तुमचा दौरा अर्धा राहिला, तो तुम्हाला पहिल्यापासून करायला लावायचा. एकही चर्च सोडायचं नाही, असं बजावून गेलेत." नाना मुळातच थट्टेखोर. आता त्यांना विचारायची सोय नाही.

तर चौकात फ्लेक्स पुन्हा लागला आहे. गॉगल तेच, कोपऱ्यात नानांचा हार घातलेला फोटो. काल बॅग काढली, चेन अजूनही लागत नाही. अक्काचा फोन आला होता. वरची खोली झाडून ठेवू का, विचारत होती. मी ताठ आवाजात म्हटलं, या वेळी अजिबात नाही, नानांची शेवटची इच्छा आहे.

मग चेन पुन्हा एकदा ओढून पाहिली आणि म्हटलं, झाडून ठेवायला काय हरकत आहे?