तिगाव सुटलं

पांढुर्ण्याच्या कंपाउंडरचं एक वाक्य मी चुकीचं ऐकलं. मराठीचा पदवीधर होतो, म्हणून.

जामसांवलीच्या मारुतीचं निमित्त करून मी दिवाळीच्या सुटीत पांढुर्ण्याला उतरायचो. खरी ओढ काकूंच्या भाकरीची. स्टेशनामागच्या आपल्या घरातल्या तीन खोल्या काकू-काकांनी उतारूंसाठी ठेवल्या होत्या. नागपूरकडे जाणारी गाडी तिगावहून निघाली की पांढुर्ण्याच्या स्टेशनात घंटा व्हायची. काकू म्हणायच्या, "तिगाव सुटलं," आणि तवा चुलीवर ठेवायच्या. उतारू दारात पिशवी टेकवतो तोच भाकर फुगलेली. पाहुण्याला वाट पाहायला लावायचं तर त्यानं धर्मशाळेत का जाऊ नये, हे त्यांचं मत.

पहिल्याच मुक्कामात त्यांनी विचारलं होतं, "जेवून राहिले का?" मी म्हटलं, "हो, जेवलो आणि इथंच राहिलो." सगळं घर हसलं. 'जेवून राहिले' म्हणजे जेवण चालू आहे, असं काकांनी समजावलं. मीही हसलो. तेवढंच.

छप्पन सालच्या दिवाळीत राज्यांची वाटणी झाली. नागपूर गेलं मुंबई राज्यात, आमचा तवा राहिला मध्यप्रदेशात. नागपूरकडची सरकारी माणसं ट्रंका बांधू लागली. अशात काकांची छाती भरली. श्वास घ्यायला ते खाटेची कड धरून उठायचे. ओठ काळेनिळे पडले होते. गावात डॉक्टर एकच, सरकारी दवाखान्यातले. काकूंनी मला पिटाळलं.

दवाखान्यात कंपाउंडर कपाट पुसत होता. म्हणाला, "साहेब नागपूरले जाऊन राहिले."

मी ऐकलं, साहेब नागपूरला गेले आणि तिथंच राहिले. सरकार गेलं तिथं डॉक्टरचं काय! मी त्याचे आभारसुद्धा मानले. आणि काकूंना हे कसं सांगावं, याची वाक्यं जुळवत रमतगमत परतलो.

डॉक्टर कायमचे नागपूरला गेले, असं मी सांगितलं. काकांच्या पाठीवर फिरणारा काकूंचा हात जोरात फिरू लागला. बैलगाडीनं सौंसरच्या डॉक्टरकडे न्यावं का, वाटेतच काही झालं तर, हे त्या विचारत होत्या. मला नव्हे, भिंतीला. काकांकडे 'नको' म्हणण्यापुरताही श्वास नव्हता.

तेवढ्यात स्टेशनात घंटा झाली. तिगाव सुटलं होतं. तव्याकडे कुणी पाहिलं नाही.

"तो बोलला कसा?" काकूंनी अचानक विचारलं. "त्याच्याच तोंडचं सांगा."

"जाऊन राहिले म्हणाला."

"मंग अजून गेले नाही ते," काकू म्हणाल्या आणि अनवाणी धावत सुटल्या. मागून मी, पायात वहाणा घालून.

डॉक्टर डब्यात बसले होते, बायकोमुलं आणि ट्रंकांच्या मध्ये. काकूंनी दाराचा दांडा धरला. इंजिनानं शिटी दिली तरी सोडला नाही.

"साहेब, गाडी उद्याही हाये," त्या म्हणाल्या. "माहा माणूस उद्या नाही."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं, बॅग उचलली आणि उतरले. त्यांचं कुटुंब त्यांच्याविनाच दुसऱ्या राज्यात गेलं.

काका वाचले. मला मात्र त्या घरात 'जाऊन राहिले' हेच नाव पडलं. "जाऊन राहिले, हात धुवा," असं म्हणत काकू वाढायच्या.

पुढं नोकरी लांबची लागली, कितीतरी वर्षं जाणं झालं नाही. गेलो तेव्हा स्टेशनापासूनच नाक भाकरीचा वास शोधत होतं. घर उघडं होतं. चूल गार होती, तवा भिंतीला टेकवून ठेवलेला. ओसरीवर काका एकटेच संत्रं सोलत बसले होते. मी विचारलं, "काकू बाहेर गेल्यात का?"

काकांनी एक फोड माझ्या हातावर ठेवली.

"गेली," ते म्हणाले. "जाऊन नाही राहिली, गेली. तुमाले तर फोडून सांगा लागते."