मागाचं पाणी

फेब्रुवारीच्या शेवटी वडिलांचा मूतखडा पडला. त्यानंतर धरमपेठेतल्या डॉक्टरांनी त्यांना अट घातली. दिवसाला किमान अडीच लिटर पाणी प्यायचं, ऊन वाढेल तसं जास्त. दोन महिन्यांनी तपासणी. त्यात पाणी कमी पडतंय असं दिसलं, तर हातमागावर बसणं बंद. आईने ही अट दवाखान्यातच मान्य केली. वडिलांनी नुसती मान हलवली.

वडील एकाहत्तर वर्षांचे आहेत. आमचं घराणं मूळचं उमरेडच्या विणकरांचं. नागपुरात आमच्या गल्लीत पूर्वी घरटी एक माग होता. आता सगळ्या गल्लीत एकच उरला आहे, तो आमच्या घरातल्या समोरच्या खोलीत. वडिलांनी मधली पंचवीस वर्षं सुताच्या दुकानात काढली आणि तिथलं काम संपल्यावर पुन्हा मागावर बसले. काठाच्या सुती साड्या विणतात. महिन्याला दोन होतात, कधी तीन. इतवारीतला एक दुकानदार त्या घेतो. माग बंद झाला तर घर अडणार नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. वडील सकाळी उठून कुठे जातील, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं.

मी एका दैनिकाच्या संपादकीय विभागात काम करतो. दुपारी दोनला घर सोडतो, म्हणून सकाळ माझ्या ताब्यात असते. पाण्याची जबाबदारी मी घेतली. खुणा असलेली लिटरची बाटली आणली. खुणांपुढे वेळा छापलेल्या होत्या. साडेसहाला वडील मागावर बसले की भरलेली बाटली त्यांच्या उजव्या हाताशी ठेवायची, साडेनऊला रिकामी उचलून दुसरी ठेवायची, बाराला ती उचलायची. दुपारनंतरचं पाणी आईकडे. एका वहीत तारीख, वेळ आणि बाटली रिकामी की अर्धी याची नोंद करायची. ऑफिसात बातमीतला आकडा दोनदा तपासल्याशिवाय मी पुढे जाऊ देत नाही. घरीही तेच केलं.

"झाली का बाटली?"

"झाली."

"पूर्ण?"

"उलटी करून पाहून घे ना गा. पत्रकार आहेस."

मी उलटी करून पाहत असे. थेंब पडत नसे. मार्च आणि एप्रिलचे रकाने भरत गेले. त्याच काळात माझ्या स्वतःच्या टेबलावरची बाटली सोमवारी भरली तर बुधवारपर्यंत पुरायची. आठ तासांत तीन चहा आणि एक ग्लास पाणी, असा माझा हिशेब होता. त्याची नोंद मी कुठे केली नाही.

एप्रिलच्या मध्यापासून वडिलांच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. मागावरून उठताना ते खांबाला धरून थोडा वेळ उभे राहत. आई तेल चोळून देई. दोन लिटर सकाळीच जातात, म्हणजे कारण दुसरं काही असणार, असं मी म्हणालो. आईने वहीकडे पाहिलं आणि तेलाची वाटी उचलून आत गेली.

महिनाअखेरीस तपासणी झाली. डॉक्टरांनी अहवाल वाचला. मी वही पुढे केली. त्यांनी ती चार-पाच पानं उलटून पाहिली.

"वही चांगली ठेवली आहे," ते म्हणाले. "लघवी मात्र वेगळं सांगते. ह्यांच्या पोटात दिवसाला लिटरभर तरी पाणी जात असेल की नाही, शंका आहे."

मी म्हणालो, की बाटल्या मी स्वतः उचलतो.

"बाटल्या तुम्ही उचलता. पितं कोण, ते बघा." मग ते वडिलांकडे वळले. "काका, महिनाभराने पुन्हा या. तेव्हाही असंच असेल तर माग बंद. मग माझ्याकडे दुसरा उपाय मागू नका."

परतताना ऑटोत वडील बाहेर बघत होते. आई म्हणाली, "सारं पाणी वहीतच गेलं म्हणायचं." ऑटोवाल्याने आरशातून आमच्याकडे पाहिलं.

उलगडा दुसऱ्या दिवशी सकाळी झाला, आणि तो आईने केला. त्यासाठी मागाची बैठक सांगायला हवी. आमचा माग खड्ड्याचा आहे. विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खाली सोडतो आणि तळाशी असलेल्या पावड्या दाबतो. ताणलेलं सूत त्याच्या पुढ्यात, खड्ड्याच्या वर असतं. नागपूरच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते, की हे सूत कडक होऊन तुटू लागतं. म्हणून दर उन्हाळ्यात पहाटे खड्ड्याच्या तळाशी बादलीभर पाणी टाकतात. खालून ओलावा येतो आणि सूत नरम राहतं. आमच्या घरी हे काम आईचं होतं.

चहा गाळता गाळता आई म्हणाली, "यंदा मी खड्ड्यात एकही बादली नाही टाकली."

मी विचारलं, का.

"हेच म्हणाले, राहू दे वं, मी पाहून घेतो. मले वाटलं, माझी कंबर दुखते म्हणून बोलून राहिले असतील." ती थांबली. "पण बादली तं मोरीतून हललीच नाही दोन महिने."

मी समोरच्या खोलीत गेलो. वडील कांडी बदलत होते. कांडी म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची छोटी गुंडाळी. ती संपली की हात थांबतो आणि दुसरी बसवावी लागते. मी त्यांच्या बाजूला बसून खड्ड्यात हात घातला. तळाची माती थंड होती आणि बोटं पहिल्या पेरापर्यंत आत गेली. त्या खोलीत मी रोज दोनदा बाटली उचलायला येत होतो. उन्हाळ्यात खड्डा ओला असतो, हे लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे त्यात काही वेगळं आहे असं वाटलंच नव्हतं.

"बाबा, बाटलीचं पाणी खड्ड्यात टाकता?"

त्यांनी कांडी धोट्यात बसवली. "अर्धं टाकतो."

"अर्धं?" आई दारातून म्हणाली.

"पाऊण असन."

"आणि मले म्हणता, मी पाहून घेतो. हे पाहून राहिले होते तुम्ही?"

"मागाले पाणी लागतेच ना वं. पाणी काही वाया नाही गेलं."

"मग मला खोटं का सांगितलं?" मी विचारलं.

"खोटं काहून सांगन?" त्यांचा आवाज चढला नाही. "तू विचारलं, बाटली झाली का. झाली होती."

हे खरं होतं. दोन महिन्यांत मी त्यांना रोज दोनदा प्रश्न विचारला होता आणि दर वेळी त्याचं बरोबर उत्तर मिळालं होतं. पाणी प्यायलात का, असं मी एकदाही विचारलं नव्हतं. ऑफिसात नव्या मुलांना जे पहिल्या आठवड्यात शिकवतो, ते घरी सुटलं होतं.

ते पाणी का पीत नव्हते, हेही त्या सकाळी प्रथमच विचारलं. त्यांनी दोन कारणं सांगितली. पहिलं उठण्याचं. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं. खड्ड्यातून निघायला गुडघे वेळ घेतात, पण त्रास तो नव्हता. विणताना आडवा धागा घट्ट बसवायला फणी ठोकायची असते आणि तो हात एका वजनावर बसलेला असतो. मधेच उठून पुन्हा बसलं की पहिले चार-सहा ठोके हलके किंवा जड पडतात आणि कापडात आडवी फिकट रेघ येते. धुतल्यावरही ती जात नाही. इतवारीतला दुकानदार प्रत्येक साडी उजेडात धरून ही रेघच शोधतो.

दुसरं कारण थेंबाचं. आमच्या घरी भांड्याला तोंड न लावता, वरून धार धरून पाणी पितात. वडील आयुष्यभर तसेच प्यायले. मागावर बसून वरून पाणी प्यायचं म्हणजे थेंब ताण्यावर, पुढ्यातल्या ताणलेल्या सुतावर पडणार. खालून आलेला ओलावा सुताला चालतो. वरून पडलेल्या थेंबाने तिथली खळ सुटते आणि धागे एकमेकांना चिकटतात. म्हणून विणकर मागावर पाणी पीत नाही. दुपारी उतरल्यावर तांब्याभर पाणी एकदम पितो.

"माझे बाबाही असेच पेत," वडील म्हणाले.

"त्याइले किती खडे झाले ते सांगा की पोराले," आई म्हणाली. वडील धोट्यातली कांडी सारखी करू लागले.

मी गजराचा विचार बोलून दाखवला. दर अर्ध्या तासाला मोबाइल वाजेल, अशी सोय करता येते. आईने तो विचार तिथेच थांबवला. कांड्या तीच भरते. खोलीच्या कोपऱ्यात तिचा चरखा आहे आणि भरलेल्या कांड्यांची टोपली ती सकाळीच वडिलांच्या हाताशी ठेवते. त्या दिवशी तिने टोपली उचलली आणि आपल्या मांडीशी घेतली.

"आता चार-चार कांड्या देईन," ती म्हणाली. "चार संपल्या की पाणी. पाणी पेले की पुढच्या चार."

"आन् नाही पेलो तं?"

"तं बसा धोटा पाहत."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइल खिशात ठेवला.

तिने फुलपात्र आणलं, अर्ध्याहून थोडं जास्त भरलेलं. "तोंड लावून प्या. तिकडे तोंड फिरवून."

"उष्टं करू?"

"तुमचंच आहे ते. दुसरं कोणी पेत नाही त्यातून."

वडिलांनी मागाकडे पाठ केली, फुलपात्राला ओठ लावले आणि हळूहळू पाणी प्यायले. एका दमात गेलं नाही, तीन वेळा थांबले. नंतर मिशा धोतराने पुसल्या, हात उलटे-सुलटे करून कोरडे आहेत का पाहिलं आणि पंजा पुढे केला. आईने चार कांड्या दिल्या.

उठण्याचा प्रश्नही कामातूनच सुटला. हातभर कापड झालं की ते पुढच्या दांड्यावर गुंडाळून घ्यावं लागतं. त्या वेळी हात तसाही थांबतो आणि ठोका नव्याने बसवावा लागतो. उठायचं ते तेव्हाच, असं ठरलं. मेमध्ये जास्त घाम यायचा तेव्हा आई पाण्यात चिमूटभर मीठ आणि लिंबू पिळायची. एकदा साखर टाकली, तर वडील म्हणाले, "पाहुणा समजून राहिली का?"

पहिल्या आठवड्यात भांडणं झाली. कांडी मागितली की "पाणी" असं उत्तर यायचं, आणि वडील मुद्दाम चौथी कांडी लांबवायचे. एकदा आई शेजारी गेली असताना त्यांनी टोपलीकडे हात केला. टोपली रिकामी होती. कांड्या ती पदरात घेऊन गेली होती. दुसऱ्या आठवड्यात आवाज कमी झाले. तिसऱ्या आठवड्यात चौथी कांडी संपत आली की वडील न बोलता डावा हात मागे करू लागले आणि आई त्यात फुलपात्र ठेवू लागली. पोटऱ्यांतले गोळे याच दिवसांत थांबले.

एक अडचण राहिली होती. पाणी वडिलांच्या पोटात जाऊ लागलं तसा खड्डा वाळू लागला. एका सकाळी लागोपाठ तीन धागे तुटले. वडिलांनी ते जोडले आणि चौथा तुटल्यावर माझ्याकडे बघितलं. मी मोरीतली बादली भरून आणली. तेव्हापासून ते काम माझं. वही मी बंद केली. ती मागाच्या खोलीत फळीवर पडून आहे. आई मागच्या पानांवर दुधाचे खाडे लिहिते.

मेअखेरच्या तपासणीत डॉक्टरांनी अहवाल दोनदा वाचला. "आता बरोबर आहे," ते म्हणाले. "काय केलंत?"

"कांड्या अडवल्या," आई म्हणाली. कांड्या म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही. माग चालू ठेवा म्हणाले आणि सहा महिन्यांनी बोलावलं.

त्याच आठवड्यात वडील मेमध्ये विणलेली साडी घेऊन इतवारीत गेले. मी सोबत होतो. दुकानदाराने साडी उलगडली, दारातल्या उजेडात धरली आणि इंच-इंच सरकवत गेला. पदराच्या अलीकडे त्याचं बोट थांबलं. तिथे आडवी फिकट रेघ होती. चार कांड्यांचा नियम सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा वडिलांना मधेच उठावं लागलं होतं, तिथली.

"काका, तुमच्या साडीत हे पहिल्यांदा पाहून राहिलो," दुकानदार म्हणाला. "इथं काय झालं?"

वडिलांनी रेघेवरून अंगठा फिरवला.

"इथं मी पाणी पेलो होतो," ते म्हणाले.

दुकानदाराने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. साडीची घडी घातली आणि ती फळीवर इतर साड्यांबरोबर ठेवली. मग आतल्या माणसाला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. माणूस स्टीलचा ग्लास घेऊन आला. वडिलांनी तो घेतला, तोंडापासून वर धरला, क्षणभर थांबले आणि खाली आणून ओठांना लावला.