समोरच्या ट्रकचा धूर
जवाहर नगरात आमच्या समोर राहणाऱ्या, साठीच्या त्या गृहस्थांचं नाव मला आजही माहीत नाही. आपल्या छोट्या ट्रकमधून ते फरश्या पोहोचवायचे. एका रविवारी सकाळी त्यांनी ट्रक जॅकवर उचलला, खाली लाकडाचे ठोकळे लावले आणि स्वतःच ट्रकखाली शिरले. सायलेन्सरच्या नळीतला कन्व्हर्टर, म्हणजे धुरातलं विष कमी करणारा डबा, खराब झाला होता. तो बदलायचा होता.

गंजलेले नट हलेनात. ते तेल सोडायचे, थांबायचे, अंगठ्याने नट चाचपायचे आणि पुन्हा पान्हा लावायचे. एका नटाच्या कडा झिजून पान्हा सटकू लागला, तेव्हा त्यांनी तो नटच करवतीच्या पात्याने कापायला घेतला. मी पाणी घेऊन गेले, तर त्यांची बोटं सोलवटलेली.

गॅरेजमध्ये का नाही नेत, असं मी हिंदीत विचारलं.

"दो मिस्त्री से पूछा. दोनों बोले, डिब्बा हटाकर सीधा पाइप डाल दो," ते म्हणाले. "पर धुआँ तो पीछे वाला खाएगा ना, डॉक्टर साहिबा."

मी छातीच्या विकारांची डॉक्टर. धुरापासून लांब राहा, असं पेशंटना रोज सांगते. धूर सोडणाऱ्याशी मात्र कधी बोलले नव्हते.

संध्याकाळी नवा डबा बसला. इंजिन सुरू करून त्यांनी प्रत्येक जोडाजवळ हात धरून पाहिला. एका ठिकाणी किंचित फुसफुस होत होती. मला ती चालण्यासारखी वाटली. त्यांनी इंजिन बंद केलं आणि पान्हा घेऊन पुन्हा खाली शिरले.