पट्ट्यात शिवलेली फूटपट्टी

माझ्या मावशीला अख्खी गल्ली टाचणी म्हणते. शिवताना टाचण्या ओठांत धरायच्या आणि तशाच तोंडाने गिऱ्हाइकाला झापायचं, ही तिची रीत. कुणाच्या बापाला न भिणारी बाई; पण लेकीच्या गुडघ्याची वाटी सरकली आणि तिची पार गाळण उडाली.

लेक तेरा वर्षांची, घरातली भिंगरी. मशीनजवळ एका पायावर गर्रकन वळली आणि किंचाळत कोसळली. वाटी बाहेरच्या बाजूला जाऊन बसली होती. डॉक्टरांनी पाय हलकेच सरळ केला, तशी ती जागेवर आली. मग गुडघा हलू नये म्हणून पायाला बिजागऱ्यांचा पट्टा बांधला. मावशीच्या कानातून मात्र ती किंकाळी जाईना. शिवता शिवता ती मध्येच मशीन थांबवायची आणि कानोसा घ्यायची.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी पायाच्या पट्ट्याच्या बिजागऱ्या सैल केल्या. "आता रोज थोडा थोडा वाकवायचा. मांडीत ताकद आली की वाटी जागेवर राहील." मावशीने मान डोलावली, घरी आली आणि पट्ट्याच्या मागे लाकडी फूटपट्टी घालून वरून जाड कापड शिवून टाकलं. दुहेरी टीप मारून! गुडघा वाकायलाच नको. भिंगरीही घाबरलेली, तिने तो पट्टा तसाच चढवून घेतला.

पुढच्या खेपेला मीही बरोबर गेले. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी पट्टा चाचपला, उतरवला आणि त्या मावशीकडे बघतच राहिल्या. मांडीची पार काडी झाली होती, गुडघा जेमतेम हलत होता.

"असाच आखडला तर भूल देऊन वाकवावा लागेल. आणि मांडी अशीच राहिली तर वाटी पुन्हा सरकेल."

मावशी पांढरीफटक पडली. तिने पर्समधली कात्री काढून तिथेच टीप उसवली. घाईत कापडही फाटलं.

बाईंनी भिंगरीला पलंगाच्या कडेला बसवलं. "सोड पाय खाली. मी धरलाय." पाय ताठच. मावशीने पुढे होऊन तिचा हात धरला.

"घाबरू नकोस गं, मी आहे ना."

"आई, तू बाहेर जा."

"अगं, पण..."

"तुझं तोंड बघितलं की वाटतं, आता सरकणारच. जा ना गं!"

मी मावशीला बाहेर आणून दार लोटलं. तिला रडूही येत नव्हतं, इतकी ती भ्यालेली होती. आतून बाईंचा आवाज आला, "अजून थोडा. अजून." मग भिंगरी ओरडली, "आई गं!"

मावशीने कडी धरली. भिंगरी पुन्हा ओरडली. मावशीने कडी आणखी घट्ट धरली, पण दार उघडलं नाही.