चामड्याचा बस्ता

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके चाळणीनं चाळून काढले तरी आमच्या थोरल्या साडूंइतका सावध माणूस सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका वेडा तर नाहीच नाही. देवानं एकाच देहात ही दोन बिऱ्हाडं शेजारीशेजारी ठेवली आहेत आणि त्यांचं अजून एकदाही भांडण झालेलं नाही, हे विशेष. साडू पिंपळवंडीचे. टोमॅटो, ऊस, थोडा कांदा, आणि चोपन्न वर्षांचा चांगला भरलेला देह. सासुरवाडीत सगळे त्यांना दाजी म्हणतात, म्हणून मीही दाजीच म्हणतो. हे दाजी विहिरीत डोकावायचं झालं तर आधी कंबरेला दोर बांधतात, दोराचं दुसरं टोक आंब्याला बांधतात, आणि मग तो आंबा हलवून बघतात. कुणाच्याही घरी पंगतीला बसताना पाटाचे चारही पाय तपासतात. एकदा आमच्याकडे, मंचरला, त्यांनी पाट नापास केला आणि अख्खं पुरणाचं जेवण उभ्यानं केलं. आणि याच माणसानं, मुलगी सासरी गेल्यावर चौथ्या महिन्यात, चारशे सीसीची लालभडक मोटारसायकल घेतली. गावात चर्चा झाली की पोरीच्या आठवणीनं दाजी खचले. दाजी मुळीच खचले नव्हते. ते दर रविवारी ओतूर, डिंगोरे, मढ करत माळशेजपर्यंत जायचे, चहा प्यायचे आणि परत यायचे, आणि आल्यावर मला फोन करून प्रत्येक वळणाची बातमी द्यायचे. लोक नातेवाइकांची खुशाली सांगतात, दाजी वळणांची सांगायचे.

एका अशाच रविवारी मी त्यांच्या ओट्यावर बसलो असताना ते म्हणाले, "पावणं, माळशेजचं येकेक वळण मी अर्धंच घेतलंय बगा. निम्म्यात गेलो का वाटतं, आता पल्याडनं येष्टी येनार, न्हाईतर भाजीचा टेम्पो. का मी आपला हॉर्न मारतो आन् गिअर खाली टाकतो. तीस वरसं गाडी चालवतोय, पन पुरतं वळण एक न्हाई घेतलं. मला आयुष्यात एकदा असं वळण पायजे, का पल्याडनं कोणी म्हंजे कोणी येनार न्हाई. मंग मरू दे!"

"मरायचं नाव काढू नका, भाकरी थापतीय मी," आतून ताईचा आवाज आला. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, दाजींची धनीण. दाजींच्या सावधपणाचं तिला कौतुक आहे आणि वेडेपणाचं तिनं तीस वर्षं नुसतं व्यवस्थापन केलं आहे.

असं वळण जगात मिळतं, हे दाजींना मोबाईलवर कळलं. तमिळनाडूत शर्यतींचा एक ट्रॅक आहे. वर्षातले काही दिवस तिथं शर्यत नसते. साध्या माणसानं आपली गाडी न्यावी, नाव नोंदवावं आणि दिवसभर गोल फिरावं. सगळ्यांनी एकाच दिशेनं जायचं. म्हणजे समोरून कुणी यायचा प्रश्नच नाही. दाजींनी ताबडतोब नाव नोंदवलं आणि इंग्रजीतली नियमावली घेऊन माझ्याकडे आले. अंगभर एकसंध चामड्याचा सूट, पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, मनगटाच्या वर जाणारे हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट आणि पाठीच्या कण्यावर ढाल. सकाळी तपासणी, तपासणीत नापास तो ट्रॅकवर नाही. दाजींनी ते माझ्याकडून पोथीसारखं तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्या वाचनाला त्यांचे हात आपोआप जोडले गेले होते.

आता ही खरेदी कुणी एकट्यानं जाऊन उरकली असती. पण दाजींच्या मते अंगावर घालायची मोठी खरेदी एकट्यानं करतात ती फक्त चोर. आमच्याकडे लग्नाचे कपडे घ्यायचे तर बस्ता बांधायला दोन्हीकडची माणसं गाडी भरून जातात, साडीच्या पदराला दहा हात लागतात, तेव्हा कुठं ती साडी पास होते. दाजींनी चामड्याचा बस्ता काढला. पिकअपमध्ये मागं घोंगडी अंथरून मला धरून भावकीतली नऊ माणसं, पुढं चाकावर दाजी, शेजारी ताई आणि दाजींचे ऐंशीचे चुलते, अशी वरात पुण्यातल्या त्या काचेच्या दुकानात शिरली. दुकानातल्या तरुणानं आधी दाराकडं, मग आमच्याकडं बघितलं आणि विचारलं, "रायडर कोण आहे?" नऊही जणांनी दाजींकडं बोट दाखवलं. नवरदेव खाली बघून लाजला.

दाजींची निवडीची रीत बेल्ह्याच्या बैलबाजारातली. आधी लांबून बघायचं, मग भोवती फेरी, मग पाठीवर थाप. हेल्मेटला त्यांनी थाप मारली, कान लावला, आतल्या गाद्या जनावराच्या हिरड्या उघडाव्यात तशा उघडून पाहिल्या. मग ते डोक्यात घालून आरशासमोर पंचवीस मिनिटं स्तब्ध उभे राहिले. का, म्हणून विचारलं तर आतून घुमल्यासारखा आवाज आला, "कपाळाला कुटं दुकतंय का बगतोय. बैल बाजारात गरीब दिसतो राव, घरी आल्यावर मारतो." दुकानातला तरुण चाट पडला. म्हणाला, "काका, हे आम्ही सगळ्यांना सांगतो, ऐकत कोणी नाही." बूट त्यांनी घातले आणि भावकीतल्या सगळ्यात जड माणसाला आळीपाळीनं दोन्ही पायांवर उभा केला. पाठीच्या ढालीवर ताईनं स्वतःच्या मुठीनं तीन गुद्दे घातले. ती खरेदीची चाचणी होती की तीस वर्षांचा हिशेब, हे दाजी आजही सांगू शकत नाहीत.

सूट मात्र अडला. चुलत्यांनी हात फिरवून विचारलं, "कातडं कशाचं म्हनायचं हे?" नऊही जणांचे हात सुटावरून मागं आले. तरुण हुशार होता. म्हणाला, "आजोबा, इम्पोर्टेड." चुलत्यांनी मान डोलावली. इम्पोर्टेड नावाचं जनावर परदेशात असतं आणि ते आपल्याला वर्ज्य नाही, एवढं त्यांचं समाधान झालं. पण दाजी तो सूट घालून बाहेर आले तेव्हा बस्त्यात हाहाकार उडाला. सूट अंगाला घट्ट चिकटलेला, आणि दाजी कंबरेत वाकलेले. सरळ उभे राहता येईना. तरुण सांगत होता की तो गाडीवर वाकून बसण्यासाठीच तसा कापलेला असतो, सैल असला तर पडल्यावर आतली संरक्षक गादी जागेवरून सरकते, घट्ट हाच बरोबर. दाजींना पटलं. त्यांनी वाकल्या वाकल्याच होकार दिला. ताईला पटलं नाही. आमच्याकडे कपडा दोन बोटं ढिला घेतात; घट्ट कपडा हा दुकानदाराचा कापड वाचवायचा डाव असतो, असं ती जन्मापासून ऐकत आली आहे.

मग महिनाभर दाजींनी सगळा सरंजाम अंगवळणी पाडला. बूट घालून टोमॅटोला पाणी धरलं. हातमोजे घालून कांद्याची प्रतवारी केली. हेल्मेट घालून ते एका साखरपुड्याला गेले आणि तिथं फोटोत उभे राहिले. मुलीकडची माणसं अजून विचारतात की तो पाव्हणा कोण. फक्त सूट घातला की त्यांना दहा मिनिटांत धाप लागायची आणि चेहरा पिकल्या टोमॅटोच्या रंगावर जायचा. ते म्हणायचे, "हुईल सैल. चामडं मानसाला वळखायला येळ घेतंय." ताई दारात उभी राहून ती धाप ऐकायची.

एक दिवस तिनं मला बोलावलं आणि खताच्या रिकाम्या पोत्यात घातलेला सूट माझ्या हातात ठेवला. "पावणं, तुमच्या मंचरच्या मास्तरकडनं काखंत आन् कमरंला दोन बोटं सोडून आना. त्यास्नी बोलू नका. जीव गुदमरतो वो त्यांचा." मी नको म्हणायला हवं होतं. नियमावली तीनदा वाचलेला माणूस मी. पण ताईपुढं नको म्हणायची आमच्या सासुरवाडीत पद्धत नाही. आमचा शिंपी मास्तर शाळेचे गणवेश आणि ट्रॅक्टरच्या सीटची कव्हरं शिवतो. त्यानं दोन्ही काखांखाली आणि कुशीत काळ्या रेक्झिनच्या पट्ट्या इतक्या सफाईनं घातल्या की उजेडात धरल्याशिवाय दिसू नयेत. दाजींनी सूट घातला, हात वर केले, खोल श्वास घेतला आणि त्यांचे डोळे चमकले. "बगा! वळखलं का न्हाई चामड्यानं!"

मोटारसायकल पिकअपमध्ये बांधून, टोमॅटोच्या रिकाम्या कॅरेटांचा तिला दोन्हीकडून टेकू देऊन, दाजी, ताई आणि मी दोन दिवसांचा प्रवास करून तिथं पोचलो. सकाळी तपासणीच्या टेबलामागं एक काटकुळी तमिळ मुलगी होती, हातात पेन, चेहऱ्यावर हसू अजिबात नाही. हेल्मेट पास. बूट पास. हातमोजे पास, उलट तिनं ते दुसऱ्यांना दाखवले. दाजींची छाती इतकी फुगली की सूट अगदी मापात बसला. मग तिनं त्यांना हात वर करायला सांगितले. काखेखाली बोट फिरवलं, थांबली, आणि रेक्झिनच्या कडेला बोट अडकवून ओढलं. टर्र आवाज झाला.

तिनं मला इंग्रजीत सांगितलं आणि मी मराठी केलं, की पडल्यावर पहिली ही शिवण उघडेल आणि रस्त्याला चामडं न लागता माणसाची कातडी लागेल. दाजींनी काखेतून लोंबणारं रेक्झिन बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, मी छताकडं. मग ताईकडं बघितलं. ताईचा चेहरा असा पांढरा पडलेला मी मुलीच्या पाठवणीलाही पाहिला नव्हता. दाजी लगेच वळले आणि त्या मुलीला म्हणाले, "मॅडम, गलती मेरी. मैंने ढिल्ला कराया. पोट जास्त है ना." आणि पोटावर थाप मारून हसले.

ती पहिल्यांदा थोडी हसली. म्हणाली, भाड्याचे सूट असतात, पण या मापाचा एकच आहे, तो दुसऱ्या रायडरच्या अंगावर आहे. शेवटच्या तुकडीला मिळाला तर मिळाला. दाजी दिवसभर कुंपणाशी बसून राहिले. दुसऱ्यांच्या गाड्या वळणात लवताना बघून त्यांची मान आपोआप कलायची. ताई शेजारी बसून होती आणि दिवसभरात एकच वाक्य बोलली, "सांगायचं व्हतं माझं नाव." दाजी म्हणाले, "कशाला? सूट कोनाच्या अंगात व्हता?"

चारच्या पुढं तो सूट आला. पोत्यात कांदा हाणून भरतात तसं मी आणि ताईनं दाजींना त्यात भरलं. चेन ताईनं वर ओढली. मग तिनं त्या मुलीसारखंच बोट अडकवून एकेक शिवण ओढून बघितली. दोन्ही काखा, कुशी, खांदे, गुडघे. सगळं झाल्यावर म्हणाली, "जावा."

नवशिक्यांच्या रांगेत पुढं शिकवणारा आणि मागं सहा गाड्या. लांबचं वळण एका मातीच्या टेकाडामागं होतं, तिथलं आम्हाला काही दिसत नव्हतं. गाड्या टेकाडामागं गेल्या आणि तिकडून आवाज आला, पीं पीं! सगळं मैदान माना वळवून बघायला लागलं. शर्यतीच्या ट्रॅकवर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. पुढच्या फेरीला पुन्हा पीं पीं. पोरं हसून लोळायला लागली. मीही हसत होतो. फक्त ताई हसत नव्हती. गाड्या टेकाडामागं गेल्या की ती उठून उभी राहायची, आणि हॉर्न ऐकू आला की "वाजला" म्हणून खाली बसायची. चार फेऱ्या ती अशी उठली आणि बसली.

शेवटच्या फेरीला ती उठली. इंजिनांचे आवाज टेकाडामागं गेले. हॉर्न वाजला नाही. ताईनं कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरली. मग टेकाडाच्या कडेनं लाल गाडी आली, लवलेली, माळशेजला कधी पाहिली नव्हती इतकी लवलेली, हळूहळू सरळ होत. आमच्यासमोरून गेली तेव्हा दाजींनी आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांना आम्ही दिसत नव्हतो, एवढं मात्र दिसत होतं.

गाडी लावून ते आले. हेल्मेट डोक्यातच, काच वर. ताईनं त्यांचा हात धरला आणि एकेका बोटाला ओढून हातमोजा काढायला लागली.

"शेवटच्याला का न्हाई वाजवला?"

"कशाला? पल्याडनं कोनीच येत नव्हतं."

"मी व्हते की हितं."

दाजींनी मोकळ्या झालेल्या हातानं हेल्मेटची काच सावकाश खाली ओढून घेतली.